सामाजिक वैद्यक : पोलेला, मिसिसिपी आणि आपण

माझ्या बापाचा एक केसपेपर मी अजून जपून ठेवला आहे. मी तेव्हा सहावीत होतो. बाप खाणीवर खडी फोडत असे. सहा महिने खोकला हटला नाही, थुंकीतून रक्त पडू लागले, तेव्हा माय त्याला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. घरात वाचता येणारा मी एकटाच, म्हणून मलाही बरोबर नेले. डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच चौकशी केली, फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि कागदावर गोळ्या लिहिल्या. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : दूध, अंडी, फळे असा सकस आहार घ्यावा. बाहेर आल्यावर मायने तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. गोळ्या खिडकीवर फुकट मिळाल्या. मग त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिने मला विचारले, "आन् हे कुठल्या खिडकीवर मिळतंय रं?"

मला तेव्हा हसू आले होते. शाळेत जाणारा मी शहाणा. मी तिला म्हणालो, "माय, हे औषीद न्हाई. हे आपलं आपण खायचं असतं." ती काही बोलली नाही. बाप त्यानंतर दीड वर्ष जगला.

पुढे मी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो, कॉलेजात शिकवू लागलो. वाचता वाचता एक दिवस लक्षात आले की मायचा तो प्रश्न अडाणी बाईचा प्रश्न नव्हता. जगातील एका मोठ्या वैद्यकपरंपरेचा तो मध्यवर्ती प्रश्न होता. त्या परंपरेतील माणसांनी तो वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या भाषांत विचारला होता, आणि एका ठिकाणी तर त्याचे उत्तर देणारी खिडकीही उघडली होती. ती खिडकी कोठे उघडली, तेथवर विचार कसा पोचला, आणि आपल्या वस्तीपर्यंत तो का पोचला नाही, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी या लेखात करीत आहे.

(१)

सामाजिक वैद्यक म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. गरिबांसाठी मोफत दवाखाना म्हणजे सामाजिक वैद्यक, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. मोफत दवाखाना हा दयाधर्मही असू शकतो. सामाजिक वैद्यकाचे प्रश्न वेगळे आहेत. हाच माणूस आजारी का पडला? याच वस्तीत रोग का शिरला? ज्या व्यवस्थेने त्याला आजारी पाडले, ती तशी राहण्यात कोणाचे हित आहे?

इ.स. १७०० मध्ये इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे असा आग्रह धरला. दगडाच्या धुळीने फुप्फुसे खराब होतात आणि अशा फुप्फुसात क्षय सहज घर करतो, ही गोष्ट आज वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. माझ्या बापाच्या केसपेपरवर नाव आहे, वय आहे, गाव आहे. धंदा मात्र नाही. रामाझ्झिनीनंतर तीनशे वर्षांनीही तो प्रश्न आमच्या तालुक्याला पोचला नव्हता.

या परंपरेतील दुसरे मोठे नाव रुडॉल्फ फिर्को यांचे. १८४८ च्या प्रारंभी प्रशियाच्या सरकारने या २६ वर्षांच्या डॉक्टरला वरच्या सायलेशियात टायफसच्या साथीची चौकशी करण्यास पाठविले. तेथील बहुसंख्य प्रजा पोलिश बोलणारी, दरिद्री, दुष्काळाने पिचलेली. सरकारची अपेक्षा औषधांच्या यादीची होती. फिर्को यांनी दिलेल्या अहवालात पूर्ण लोकशाही, शिक्षण, पोलिश भाषेला मान्यता, रस्ते, शेतीची सुधारणा आणि श्रीमंतांवर न्याय्य कर, अशी औषधयोजना होती. वैद्यक हे मुळात समाजशास्त्र आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी त्यांना बर्लिनमधील जागा सोडावी लागली.

पण फिर्को यांच्या पुढे हात जोडून थांबणे आपल्याला परवडणार नाही. त्याच अहवालात पोलिश गरिबांच्या आळसाविषयी आणि घाणेरडेपणाविषयी तुच्छतेचे उद्गारही आहेत. रोगाची सामाजिक कारणे ओळखणारा हा माणूसही रोग्याकडे वरूनच पाहत होता. शोषिताची बाजू घेणे आणि शोषिताच्या जागेवरून पाहणे यांत अंतर असते, हे दलित साहित्याच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

फिर्को यांचा विचार पुढे समुद्र ओलांडून गेला. त्यांचे शिष्य माक्स वेस्टेनहोफर यांनी चिलीत वैद्यकाचे अध्यापन केले, आणि चिलीतील वैद्यकाच्या एका पिढीवर त्यांचा प्रभाव पडला. त्या पिढीतील साल्वादोर आयेंदे १९३९ मध्ये आरोग्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी चिलीच्या वैद्यकीय-सामाजिक वास्तवावर पुस्तक लिहिले. मजुरी, घर, अन्न आणि परकीय भांडवल यांचा रोगाशी असलेला संबंध त्यात त्यांनी मांडला. १९७० मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि मुलांना रोज अर्धा लिटर दूध देण्याची योजना त्यांनी अमलात आणली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने ते सरकार उलथून टाकले. विचार पुस्तकातून जातो हे खरे, पण तो गुरूकडून शिष्याकडे आणि हद्दपार माणसाच्या पायांनी अधिक दूर जातो. पुढच्या दोन प्रकरणांत हेच दिसते.

(२)

दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात, ड्रेकन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याशी पोलेला नावाचा झुलू लोकांचा राखीव मुलूख होता. १९४० मध्ये सिडनी कार्क आणि एमिली कार्क हे डॉक्टर दांपत्य तेथे आले. त्यांच्याबरोबर एडवर्ड जाली हे आफ्रिकी वैद्यकीय साहाय्यक आणि परिचारिका अमेलिया जाली हे दांपत्य होते. दवाखान्यात येईल त्याला तपासावे आणि औषध द्यावे, ही तेव्हाची रीत. या मंडळींनी ती उलटी केली. एक निश्चित टापू आखून घेतला आणि त्यातील घरन् घर नोंदवायला सुरुवात केली. घरात किती माणसे, कोण काय खाते, पाणी कोठून येते, कोण कामासाठी बाहेर गेले आहे, कोणते मूल वाढत नाही. ही नोंद करण्यासाठी त्याच भागातील आफ्रिकी स्त्रीपुरुषांना आरोग्य-साहाय्यक म्हणून शिकविले. त्यांची भाषा तीच, रीतिरिवाज तेच. निदान आता एका देहाचे उरले नाही, साऱ्या वस्तीचे झाले.

त्या नोंदींतून दिसले ते असे. मुले कुपोषित होती, कारण जमीन नव्हती. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातील बहुसंख्य आफ्रिकी लोकांसाठी जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली होती. १९३६ च्या कायद्यानेही ती सुमारे १३ टक्क्यांपर्यंतच नेण्याचे ठरले. त्या तुकड्यावर माणसे आणि गुरे कोंबलेली, माती वाहून गेलेली. पुरुष खाणीत आणि शहरात मजुरीला गेलेले. तेथे त्यांना बायकामुलांसह राहण्याची मुभा नव्हती. उपदंशाचा रोग घराघरात का पोचला, याचा शोध सिडनी कार्क यांनी १९४९ च्या एका निबंधात घेतला. गोरा समाज म्हणत असे की आफ्रिकी माणसाची नीती सैल आहे. कार्क यांनी दाखवून दिले की कुटुंबे तोडणारी स्थलांतरित मजुरीची पद्धत हा रोग वाढविते. ज्याला 'त्यांच्या जातीचा दोष' म्हटले जात होते, तो खाणमालकाच्या नफ्याचा परिणाम होता.

आपल्याकडची भाषा आठवून पाहा. 'ते लोक घाणेरडे राहतात', 'ते लोक दारू पितात', 'त्या लोकांना मुलांची काळजी नसते.' ही वाक्ये ऐकत आपण मोठे झालो. पोलेलाच्या दवाखान्याने या वाक्यांना वैद्यकाच्या भाषेत उत्तर दिले, ते ८० वर्षांपूर्वी.

केंद्राने भाजीच्या बागा लावायला शिकविले, बियाणांची सोय केली, संडास खोदले, पाण्याचे झरे सुरक्षित केले. कुपोषण घटले, बालमृत्यू घटले. सरकारने नेमलेल्या ग्लुकमन आयोगाने १९४४ मध्ये सबंध देशात अशी सुमारे ४०० केंद्रे उभारण्याची शिफारस केली. त्यांपैकी जेमतेम ४० उभी राहिली, तोच १९४८ मध्ये वर्णभेदी राजवट आली आणि या प्रयोगाचा श्वास कोंडला. कार्क दांपत्याला देश सोडावा लागला. त्यांचे सहकारी जॉन कॅसल अमेरिकेत गेले. ज्या राज्यकर्त्यांना जमीन परत द्यायची नव्हती, त्यांना कुपोषणाचे खरे निदानही नको होते.

या प्रयोगाची मर्यादा याच गोष्टीत आहे. केंद्र सरकारच्या परवानगीने चालत होते. भाजीची बाग लावता येत होती, पण जमिनीचा कायदा बदलता येत नव्हता. पाठीशी लोकांची राजकीय शक्ती नसलेला दवाखाना कितीही शहाणा असला, तरी एका सरकारी आदेशाने बंद पडू शकतो.

(३)

१९५७ मध्ये जॅक गायगर नावाचा एक अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी दक्षिण आफ्रिकेत गेला आणि कार्क यांच्या हाताखाली पोलेलात काही महिने शिकला. सात वर्षांनी, १९६४ च्या उन्हाळ्यात, तो मिसिसिपीत नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना वैद्यकीय मदत करायला गेला. तेथील कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या झोपड्या, मोडके संडास, हगवणीने मरणारी मुले पाहून त्याला पोलेला आठवले. जे पाहायला आपण अर्धे जग ओलांडून गेलो, ते आपल्याच देशात आहे, हे त्याला कळून आले.

कापसाच्या मळ्यांत यंत्रे आली होती. पिढ्यान् पिढ्या कापूस वेचणाऱ्या मजुरांची गरज संपली होती. मतदानासाठी नाव नोंदवणाऱ्याला काम मिळत नसे आणि झोपडीही सोडावी लागत असे. अशा भागात माउंड बायू नावाचे एक गाव होते. मुक्त झालेल्या गुलामांनी ते १८८७ मध्ये वसविले होते. दारिद्र्यनिर्मूलनाच्या सरकारी निधीतून, एका विद्यापीठाच्या छत्राखाली, तेथे १९६७ मध्ये आरोग्यकेंद्र सुरू झाले. जॉन हॅच या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने आधी घरोघरी, चर्चोचर्ची बैठका घेतल्या. तुम्हाला काय हवे, असे लोकांना विचारले. लोकांनी डॉक्टर मागितला नाही. त्यांनी अन्न, काम, पाणी आणि घर मागितले.

तेव्हा त्या केंद्राच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. कुपोषित मुलाच्या औषधचिठ्ठीवर त्यांनी दूध, मांस, भाजी, फळे असे अन्न लिहिले. ती चिठ्ठी घेऊन आई गावातील किराणा दुकानात जाई, दुकानदार माल देई, आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर पडे. वरिष्ठ अधिकारी धावत आले. औषधांचा पैसा औषधांसाठीच वापरा, असे ते म्हणू लागले. गायगर यांचे उत्तर असे होते की वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावर अन्न हेच औषध सांगितले आहे. त्यावर अधिकाऱ्यांकडे बोलण्यासारखे काही उरले नाही.

मायने विचारलेली खिडकी ती हीच.

पण केंद्र तेथेच थांबले नाही. चिठ्ठीवरचे अन्न उद्याही कोणी दिलेच पाहिजे, म्हणजे ते पुन्हा दानच झाले. म्हणून शेकडो कुटुंबांनी मिळून सहकारी शेती उभी केली. कापूस पिकवणारे हात स्वतःसाठी भाजी आणि धान्य पिकवू लागले. एल. सी. डॉर्सी ही मळ्यावरील मजुराची मुलगी या कामात पुढे आली आणि कालांतराने त्याच आरोग्यकेंद्राची प्रमुख झाली. केंद्रात संध्याकाळी शाळा भरे, आणि तिच्यातून शिकलेली मुले पुढे डॉक्टर, परिचारिका, अभियंते झाली. आज अमेरिकेत अशी १,३०० हून अधिक सामुदायिक आरोग्यकेंद्रे आहेत आणि सुमारे ३ कोटी लोक त्यांचा लाभ घेतात. त्यांच्या नियामक मंडळात निम्म्याहून अधिक सभासद तेथील रुग्णच असले पाहिजेत, असा कायदा आहे.

पोलेलातून मिसिसिपीत काय गेले, याचा विचार करा. इमारतीचा नकाशा गेला नाही की औषधांची यादी गेली नाही. रोग कोठून येतो हे वस्तीला विचारण्याची रीत गेली. आणि मिसिसिपीत तिला पोलेलाला न लाभलेली एक गोष्ट मिळाली : हक्कासाठी उभी राहिलेली चळवळ. म्हणून पोलेलात जे मारले गेले, ते मिसिसिपीत जगले.

(४)

आता आपल्या अगदी जवळच्या गोष्टीकडे येतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. काळ्या माणसाच्या बंडातून आपल्या तरुणांनी आवेश घेतला, भाषा घेतली, नकार घेतला. ब्लॅक पँथरची दुसरी बाजू मात्र आपल्यापर्यंत फारशी आली नाही. त्यांनी अनेक शहरांत लोकांचे मोफत दवाखाने चालविले, मुलांना सकाळची न्याहारी दिली. १९७२ मध्ये त्यांनी आपला दहा कलमी कार्यक्रम सुधारला, तेव्हा सर्व कृष्णवर्णीय व पीडित जनतेसाठी पूर्णपणे मोफत आरोग्यसेवेची मागणी त्यात घातली. ज्यांना आपण बंदुकीच्या छायाचित्रावरून ओळखतो, त्यांच्या हातात रक्त तपासण्याची सुईही होती.

ही सुई सिकल सेलच्या रोगासाठी होती. या रोगात रक्तातील लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य कळा येतात, आयुष्य तोकडे होते. हा रोग आनुवंशिक आहे. अमेरिकेत तो प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना होतो, आणि म्हणूनच त्याकडे कोणी लक्ष देत नाही, असा आरोप करीत पँथरांनी १९७१ पासून वस्तीवस्तीत तपासण्या सुरू केल्या. वैद्यकीय दुर्लक्ष हा राजकीय प्रश्न झाला. १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारला सिकल सेल नियंत्रणाचा कायदा करावा लागला.

आणि हा सिकल सेल आपल्या विदर्भात आहे. गोंड, परधान या आदिवासींत आहे, तसाच तो पूर्वाश्रमीच्या महार समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. १९७२ मध्ये एकाच नावाच्या दोन संघटना पृथ्वीच्या दोन बाजूंना लढत होत्या आणि दोघींच्या माणसांच्या रक्तात एकच रोग वाहत होता. एकीला ते माहीत होते, तिने त्याचे हत्यार केले. दुसरीकडे ती बातमी आलीच नाही.

यात मी कोणाला दोष देत नाही. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित पँथरनेही मोफत शिक्षण, मोफत वैद्यकीय सोयी, घर आणि स्वस्त धान्य मागितले होते. मागणी होती. पण १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीत स्वतःचे रक्त सांडावे लागलेल्या, रोज नव्या अत्याचाराच्या गावी धावणाऱ्या तरुणांकडे दवाखाना चालविण्याची साधने कोठून असणार? दुःख याचे आहे की नंतरच्या पिढीने, म्हणजे आम्ही शिकलेल्यांनीही, तो धागा हाती घेतला नाही.

ब्लॅक पँथरच्या लढ्यातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती चुकांची आहे. पुढे अमेरिकेतील काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. रोगी आणि केवळ वाहक यांत फरक असतो. वाहक सहसा निरोगीच असतो. पण हे नीट समजावून सांगितले गेले नाही. वाहकांनाही रोगी ठरविले गेले, कोणाच्या नोकरीवर गदा आली, कोणाला विमा नाकारला गेला. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. आदिवासीबहुल भागांतील ७ कोटी लोकांची तपासणी आणि प्रत्येकाला कार्ड, असे तिचे स्वरूप ठरले. तपासणी आवश्यकच आहे. पण ज्या समाजात विटाळाची कल्पना हाडीमांशी खिळलेली आहे, तेथे हे कार्ड एखाद्या मुलीच्या कपाळावरचा नवा डाग होऊ शकते. कार्डाआधी समजूत, आणि तपासणीच्या पाठोपाठ उपचार, हा आग्रह आपल्या कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे. शिवाय मोहिमेवर 'आदिवासी' अशी पाटी आहे म्हणून विदर्भातील दलित वस्ती तिच्याबाहेर राहू नये, हेही पाहिले पाहिजे.

(५)

एका प्रदेशाने दुसऱ्याकडून शिकावे, असे आपण सहज म्हणतो. पण शिकताना काय गळून पडते, तेही पाहिले पाहिजे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या स्त्रिया त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांत अक्षरही न ओळखणाऱ्या दलित स्त्रिया होत्या. पाण्यासाठी हातपंप घेतले ते दलित वस्तीत. सवर्णाला पाणी हवे असेल तर त्याने तेथे यावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगातील लोकाधारित आरोग्यप्रयोगांचे एक पुस्तक काढले, त्यात चीन, क्यूबा, टांझानिया यांच्याबरोबर जामखेडही होते. १९७८ च्या आल्मा-आताच्या परिषदेत सर्वांसाठी आरोग्याची जी घोषणा झाली, तिच्यामागे अशा प्रयोगांची पुण्याई होती.

पण दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, इटलीतील बेलाजिओ येथे दात्या संस्थांची बैठक भरली आणि एवढे सगळे परवडणार नाही, मोजके स्वस्त उपाय निवडावेत, असा सूर तेथे निघाला. लस राहिली, क्षार-साखरेचे पाणी राहिले. जमीन, मजुरी आणि पाणवठा यांचा प्रश्न वगळला गेला. आरोग्यसेविकेची कल्पना जगभर गेली, पण हातपंप कोणत्या वस्तीत बसवायचा हा प्रश्न तिच्याबरोबर गेला नाही. आज आपल्याकडे सुमारे १० लाख आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्याच आशांना महाराष्ट्रात २०२१ मध्ये आणि २०२३ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला, कारण कागदोपत्री त्या कामगार नाहीत, स्वयंसेविका आहेत. लोकांच्या हाती आरोग्य देण्याचा विचार असा गरीब बाईचे श्रम स्वस्तात घेण्याची युक्ती होऊन बसतो.

याउलट ब्राझीलकडे पाहा. तेथील आरोग्यचळवळ लष्करी हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्यात वाढली. १९८६ च्या आरोग्य परिषदेत तिने आपली मागणी मांडली आणि १९८८ च्या संविधानात आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि शासनाचे कर्तव्य म्हणून नोंदला गेला. आपल्या संविधानात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण त्यासाठी न्यायालयाचे दार थेट ठोठावता येत नाही. ब्राझीलकडून हे शिकण्यासारखे आहे. मात्र वर्गाचे इतके सूक्ष्म विश्लेषण करणाऱ्या त्या देशातही कृष्णवर्णीयांच्या आरोग्याचे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण यायला २००९ साल उजाडावे लागले, आणि तेही कृष्णवर्णीयांच्या चळवळीने रेटा लावला म्हणून.

(६)

म्हणजे प्रत्येक परंपरेची एक दिसणारी बाजू असते आणि एक आंधळी बाजू असते. फिर्को यांना दारिद्र्य दिसले, दरिद्री माणूस पुरता दिसला नाही. लॅटिन अमेरिकेला वर्ग दिसला, वर्ण उशिरा दिसला. पोलेलाला वस्ती दिसली, तिची राजकीय शक्ती उभी करता आली नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून स्वतःची आंधळी बाजू कळत नाही. प्रदेशांनी एकमेकांकडून शिकायचे ते यासाठी. पाश्चात्त्यांनी शिकवावे आणि आपण शिकावे, ही रीत आता पुरे झाली.

मग आपल्याजवळ देण्यासारखे काय आहे? माझ्या मते आपल्याजवळ महाडचे तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र मिसळून ते तळे 'शुद्ध' केले. गुराढोरांनी पाणी प्यायले तर चालत होते, माणसाच्या स्पर्शाने ते बाटत होते. शुद्धता आणि स्वच्छता या दोन गोष्टी एक नाहीत, एवढेच नव्हे तर त्या एकमेकींच्या वैरी असू शकतात, हा धडा जगातील सामाजिक वैद्यकाला महाडइतका स्पष्टपणे दुसऱ्या कोणी दिला असेल असे मला वाटत नाही. जो समाज शुद्धतेच्या मागे लागतो, तो स्वच्छतेचे काम काही माणसांच्या माथी जन्माने मारतो, आणि मग त्याच माणसांना घाण म्हणतो. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये देवविले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, म्हणजे मरण थांबले नाही. गटारातील विषारी वायूने मेला, हे झाले शवचिकित्सेचे कारण. त्या गटारात तोच का उतरला, हे कारण कोणत्या रकान्यात लिहायचे? जगाच्या सामाजिक वैद्यकाला हा रकाना आपण द्यायचा आहे.

आणि रोगी अडाणी म्हणून रोग वाढतो, ही समजूतही याच भूमीत मोडली गेली आहे. देबबर बॅनर्जी हे बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत काम करीत होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की क्षयाची लक्षणे असलेले निम्म्याहून अधिक खेडूत आपण होऊन दवाखान्यात गेले होते. दवाखान्याने त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठविले होते. अडाणी कोण होते?

शेवटी पुन्हा मायकडे येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २,८०० क्षयरोगी आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात होती. काही कुटुंबांत फक्त रोग्याला शिधा दिला, काहींत घरातील सर्वांना दिला. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाच्या सांसर्गिक क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. कडधान्य, तांदूळ, दूधभुकटी, तेल. म्हणजे अन्न हे औषध आहे, लसीसारखे आहे, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले आहे. सरकारही २०१८ पासून क्षयरोग्याला आहारासाठी महिन्याला ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देऊ लागले. खिडकी किलकिली झाली आहे. पण ती रोग्यापुरती आहे, आणि तिच्यात खाणीच्या धुळीचा हिशेब नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्या मित्रांना माझी एक विनंती आहे. पोलेलाच्या आरोग्य-साहाय्यकांनी जशी घरन् घर नोंद केली, तशी आपण आपल्या वस्तीची नोंद करूया. कोण काय काम करते, कोण काय खाते, कोणाला कोणता आजार आहे, दवाखान्यात त्याला कोणी हात लावून तपासले की नाही. वह्या आणि पेन्सिली एवढेच साहित्य लागते, आणि ते आता आपल्या घरांत आहे. ती नोंद घेऊन आपण तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ, आणि केसपेपरवर 'धंदा' हा रकाना मागू.

माय आता सत्तरीकडे झुकली आहे. मिसिसिपीची गोष्ट मी तिला मागच्या दिवाळीत सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, "मंग तवा आपल्याला कोन का सांगितलं न्हाई?" सहावीत असताना तिच्या प्रश्नाला मी हसलो होतो. या वेळी मला हसू आले नाही, आणि उत्तरही आले नाही.